लाटीतलं मीठ

पेणला आमच्या घरामागे लांबलचक पडवी आहे. तिथे बायका पापड लाटायला बसतात, आणि तिच्या कोपऱ्यात पोह्यांची पोती तोलायचा काटा आहे. त्या काट्यावर मी रोज सकाळी, बायका यायच्या आत, चोरासारखी चढायचे आणि आकडा बघून गुपचूप उतरायचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की सकाळी उठून, शौचाला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन बघायचं. एकाएकी वाढलं तर ते मांस नव्हे, अंगात साठलेलं पाणी असतं, मग वाट न बघता दवाखाना गाठायचा. माणसांचा काटा आणायची ऐपत नव्हती असं नाही. पण तो घरात दिसला की येणारा-जाणारा विचारणार, हा कशाला? त्यापेक्षा पोत्यांचा बरा.

एकदा जवळच्या जोहे गावची, आमची जोह्याची बाई, पहिल्याच गाडीने आली. गणपतीच्या आधी ती गावातच मूर्ती रंगवते, एरवी वर्षभर आमच्याकडे लाटायला असते. मी काट्यावर उभी, साडी गोळा करून हातात धरलेली. ती दारातूनच म्हणाली, "काय वो काकी, आज पोत्याऐवजी तुमालाच इकायला काडलंय काय?" मी हसले. ती हसली म्हणून हसले. मग मोरीत जाऊन उगाचच तोंड धुतलं, कारण तोंड दाखवायला मला जागा नव्हती.

मला काय झालं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पापडांचं ताट घेऊन गच्चीच्या पायऱ्या चढताना धाप लागायची, ती वयाने लागते असं मी धरून चालले होते. पाय सुजायचे ते बसून बसून. उशी एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या तीन, तरी मी म्हणायचे की कापूस दबलाय. शेवटी दिवाळीनंतर एका दुपारी फराळाचे डबे घासता घासता श्वास असा अडकला की सुट्टीला आलेल्या मुलाने रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हार्ट फेल्युअर." माझा चेहरा बघून त्यांनी लगेच समजावलं, की याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही, ते थकलंय, रक्त ढकलायला कमी पडतंय. गोळ्या वेळेवर घ्या, मीठ तोडा, पाणी मापून प्या, रोज झेपेल तेवढं चाला, पुष्कळ जगाल. मी मात्र त्यातला 'फेल' तेवढा घेऊन घरी आले.

विचारणाऱ्याला मी गुडघे सांगितले. गुडघ्यांना समाजात अब्रू आहे. गुडघे दुखतात म्हटलं की लोक तेलं सुचवतात आणि पुढे जातात. हृदय म्हटलं की आवाज खाली आणतात, आपल्याकडे असं बघतात की आपण दारात चपला घालून निघालोच आहोत. नवरा गेल्यापासून हे पापडांचं काम मी एकटीने उभं केलं, नाकावर माशी बसू दिली नाही, आणि आता बायकांनी मला "तुमी बसा काकी, तुमी नका उचलू" म्हणायचं? ते मला सहन होणार नव्हतं.

सून माझ्याजवळ राहायला आली. ती निडीची, माहेरी भात-वालाची शेती. मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टला, तिथेच त्यांची भाड्याची खोली. मी आजारी पडले म्हणून सून पेणला, मुलगा रोह्याला, आणि सुट्टीच्या दिवशी तो इकडे, अशी त्यांच्या संसाराची ओढाताण झाली. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. मला तर तिची लाजच वाटायची. अंगातलं पाणी काढायची गोळी घेतली की सकाळभर मोरीच्या वाऱ्या. ती भाजी निवडत बसलेली असायची आणि मी तिच्यासमोरून जायचे, यायचे, पुन्हा जायचे. ती मान वर करायची नाही. तिने वर बघितलं असतं तर मी तिला बोलले असते, आणि बघितलं नाही म्हणूनही मला राग यायचा.

माझं जेवण वेगळं. माझ्या आमटीला मीठ नाही, भाताला तर नाहीच, भाजीत नखभर. मुलाने एकदा कौतुकाने कमी सोडियमचं मीठ आणलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यात पोटॅशियम असतं, या गोळ्यांबरोबर ते चालायचं नाही, घरात ठेवूच नका. तेही गेलं. पेणच्या घरात जेवणात पापड नाही म्हणजे काय, ते पेणच्याच माणसाला कळेल. पाहुणा आला की माझं पान कोरडं दिसू नये म्हणून मी आधी किंवा मागाहून जेवायचे, एकटी, भिंतीकडे तोंड करून. सून वाढायची आणि आत जायची. ती कधी जेवते, काय जेवते, मी बघितलं नाही. मला स्वतःचंच ताट बघवत नव्हतं.

पण पडवीत मी तशी नव्हते. पडवीत माझा मान होता. पोह्याच्या पापडाचं सगळं मर्म मिठात आणि पापडखारात. पीठ भिजवून, तेलाच्या हाताने कुटून गोळा मऊसूत झाला की बायका माझ्याकडे बघायच्या. मी चिमूटभर लाटी जिभेवर ठेवायचे. ओल्या लाटीला मीठ किंचित कमी लागायला हवं, कारण पापड वाळला की ते पुढे येतं. ते किंचित किती, हे माझ्या जिभेला कळायचं. मी "हं" म्हटलं की दोऱ्याने लाट्या कापायला सुरुवात. गोळ्यामागून गोळा, दिवसभर हेच. मध्येच भूक लागली की एखादी लाटी तेलात बुडवून तोंडात. ती तर पेणच्या प्रत्येक पोरीने लहानपणापासून खाल्लेली असते.

आणि इथेच माझी मती चकली होती. चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, हे आमच्यात इतकं पक्कं की चतुर्थीच्या उपासालाही लाटी जिभेला लावून थुंकली, चूळ भरली, की उपास शाबूत. ज्या चवीने देवाचा उपास मोडत नाही, तिने डॉक्टरांचं पथ्य कसं मोडेल? बरं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पापड-लोणचं बंद. मी पापडाला शिवत नव्हते. लाटी म्हणजे काही पापड नाही, अजून व्हायचा आहे. असं मी मनाशी म्हटलंही नसेल, कारण तसा प्रश्नच पडला नाही. उपासाच्या दिवशी तरी थुंकायचे, आता तर तेही नाही.

माघ-फाल्गुनात काम जोरात आलं आणि माझे पाय भरले. घोट्याला बोट लावलं की खड्डा राहायचा. काट्यावर आकडा चढला. दवाखान्यात बाईंनी पाय दाबून बघितले, गोळी वाढवली आणि विचारलं, "मीठ जातंय कुठून तरी. घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी, मुलगा, दोघांनी सुनेकडे बघितलं. तिने खाली मान घातली. "मीच करते," एवढंच म्हणाली. बाईंनी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं, मुलगा बाहेर आल्यावर तिच्यावर चिडला, की आईचं एवढंही तुला नीट जमत नाही? रस्त्यावर, रिक्षावाल्यादेखत. मी मध्ये पडले नाही. मलाही वाटत होतं की हिचा हात सढळ आहे. पुढे कितीतरी दिवस मी वाढलेल्या आमटीत बोट बुडवून चव घ्यायचे, ती समोर उभी असताना, पोलिसाने पंचनामा करावा तशी. आमटी अळणीच असायची. तरी माझा संशय जात नव्हता.

चैत्रात मुलाने निर्णय घेतला. काही दिवस दोघी रोह्याला चला, काम बायका बघतील. मी पुष्कळ आदळआपट केली, पण पायऱ्या चढवत नव्हत्या तिथे भांडायला दम कुठला. गाडीत बसण्याआधी गोळी चुकवावी असं माझ्या मनात होतं, भर डब्यात उठबस नको म्हणून. सुनेने आधीच डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं होतं. "आई, गोळी चुकवायची नाय, पोचल्यावर घ्यायची, येवढंच," ती म्हणाली. माझ्या मनातली लाज तिला कळली, याचीच मला जास्त लाज वाटली. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडी आलं तेव्हा ती खिडकीतून माहेरच्या वाटेकडे बघत होती. उतरून भेटून ये असं म्हणायचंही मला सुचलं नाही.

रोह्याच्या त्या दोन खोल्यांत मला काहीच काम नव्हतं. सकाळी वजन, गोळ्या, न्याहारी. पाण्यासाठी सुनेने एक बाटली ठरवून दिली होती, दिवसाचं पाणी, चहा-ताकासकट, त्यात बसवायचं. संध्याकाळी ऊन कललं की आम्ही नदीकाठी चालायला जायचो. मी दोन पावलं टाकून थांबायचे आणि कुंडलिकेकडे बघण्याचं सोंग करायचे. ती पण थांबून नदी बघायची. चालताना बोलता येईल एवढंच चालायचं, दम लागून बोलणं तुटलं की बसायचं, असा बाईंचा नियम. आमच्यात बोलणंच नव्हतं, त्यामुळे नियम पाळायला ती मधूनमधून काहीतरी विचारायची. "आई, वालाला मोड कसे आणता तुमी?" तिला, वालाच्या गावच्या पोरीला, ते ठाऊक नसणार होय? पण मी सांगायचे, आणि माझा दम मोजला जायचा.

पहिले काही दिवस जेवण तोंडात फिरायचं. धुतलेलं फडकं चघळल्यासारखं. मग हळूहळू गंमत झाली. वालाचं बिरडं वालासारखं लागायला लागलं. लसूण, कोकम, भाजलेलं जिरं, वरून पिळलेलं लिंबू, एकेक वेगळं कळायला लागलं. शेजारणीने वानगीला भाजी दिली ती मला खारट वाटली, बाजूला सारली. पाय उतरले. जुन्या चपला पायात जायला लागल्या. रात्रीच्या उशाही कमी झाल्या.

मुलगा खूश. म्हणाला, "आई, बघ, पेण सोडलं की बरी होतेस. आता इथेच राहा. ते पापड पुरे." मी म्हटलं, "हिच्याच हातचं खाऊन इथे बरी होते ना? मग पेणला काय वेगळं आहे?" बोलून गेले तेव्हा माझ्या वाक्यात सुनेची निर्दोष सुटका आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मला फक्त परत जायचं होतं. शेवटी असं ठरलं की महिनाभर पेणला राहून बघायचं. पाय पुन्हा सुजले तर पापडांचं काम बंद, आणि कायमचं रोह्याला. माझा जीव टांगणीला लागला. काम गेलं तर मी कोण? दुसऱ्याच्या खोलीत बाटलीने पाणी पिणारी एक म्हातारी.

परतलो त्या दिवशी पडवीत बायका जमल्याच होत्या. मधल्या दिवसांचं काम साचलेलं. जोह्याच्या बाईने नुकताच कुटलेला गोळा पुढे केला. मी ऐटीत बसले, लाटी तोडली, जिभेवर ठेवली आणि थूः करून टाकली.

"काय गो हे? मिठाची खाण ओतलीय काय? मी चार दिवस नसले तर हे असं?"

जोह्याची बाई चपापली. "नाय वो काकी, तुमचंच माप हाय. त्याच वाटीचं."

मला साक्षीदार हवा होता. सून पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होती. "ये गो इकडे, घे, सांग ह्यांना."

तिने लाटी तोंडात घातली. तिचं तोंड लगेच वाकडं झालं, डोळे बारीक झाले. "व्हय आई. लय खारट हाय," ती म्हणाली.

"बघा!" मी म्हटलं.

जोह्याच्या बाईने मग स्वतः चाखली. शेजारणीला दिली, तिने पलीकडे दिली. सगळ्या पडवीत लाटी फिरली. एकेक बाई तोंड हलवायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, बरोबर हाय. शेवटी जोह्याची बाई म्हणाली, "काकी, राग मानू नका. आमी सगल्या एकीकडं नि तुमी दोघी एकीकडं. मीठ नेमकं हाय."

मी आणखी एक लाटी तोडायला हात पुढे केला, पुन्हा बघते म्हणून. तो हात तसाच राहिला. हे मी दिवसातून किती वेळा करते? आणि एवढ्याशा चिमटीने जीभ जळते, तर त्या सगळ्या चिमट्या मिळून माझ्या पोटात किती मीठ गेलं असेल? रोह्यात लाटी नव्हती, म्हणून पाय उतरले आणि जीभ बदलली. पेणला जीभ कधी बदललीच नव्हती, कारण मी मीठ कधी सोडलंच नव्हतं. मी ते सगळ्यांच्या देखत, मानाने, बसल्या जागी खात होते. आणि घरी आमटीत बोट बुडवून चोर शोधत होते.

मला एवढी शरम वाटली की कान तापले. पण ते पुरं व्हायच्या आत दुसरी गोष्ट ध्यानात आली. माझी जीभ रोह्यात बदलली, ठीक. हिची का बदलली? लाटी खारट लागावी इतकं अळणी ही किती महिने खातेय?

"तू काय जेवतेस गो?" मी विचारलं. सगळ्या बायका ऐकत होत्या.

"जे तुमाला करते तेच," ती म्हणाली. "दोन-दोन भांडी कोन चढवनार? ह्यांना वरून मीठ देते."

"कधीपासून?"

"तुमी दवाखान्यातून आलात तवापासून."

"मग डॉक्टरीणबाईंसमोर सांगितलं का नाहीस? रस्त्यात तो एवढा बोलला तुला."

तिने तांब्या खाली ठेवला. "काय सांगू आई? माजं ताट बगा म्हनू? तुमाला वाटलं असतं, मी उपकार करते."

खरंच वाटलं असतं. मी तेच म्हटलं असतं, आणि वर चार शब्द ऐकवले असते. तिने मला बरोबर ओळखलं होतं, आणि ओळखूनही ती तसंच जेवत राहिली. मी तिच्या आमटीत बोट बुडवत होते तेव्हा ती समोर उभी राहून तीच आमटी जेवायला आत जात होती.

जोह्याच्या बाईला मी म्हटलं, "आजपासून लाटीची चव तू बघायची. तू हं म्हटलंस की कापायला घ्यायचं. मला विचारायचं नाही, आणि मी मागितली तरी लाटी द्यायची नाही." ती म्हणाली, "का वो काकी, असं का?" तेव्हा मी पहिल्यांदा भर पडवीत गुडघे सोडून खरं नाव घेतलं. माझं हृदय कमजोर आहे, मीठ मला चालत नाही, आणि मी ते तुमच्यादेखत खात होते. कुणी आवाज खाली आणला नाही. एकीने नुसतं "आगं बाई" म्हटलं आणि पुढची लाटी पोळपाटावर घेतली.

सून आत निघाली होती. मी तिला हाक मारून म्हटलं, "तू आजपासून सगळ्यांसारखं नीट मीठ घालून जेवायचं. तुला काय झालंय? तुझं काय वय आहे का अळणी खायचं?"

ती दारात थांबली.

"मंग तुमच्यासंगती कोन जेवनार?" तिने विचारलं.

पडवीत सगळ्यांची लाटणी चालू होती आणि मीही पोळपाट पुढे ओढून लाटायला घेतलं.